बेला बार्टोक आणि मान राखून केलेली मदत

अमेरिकेत एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने हंगेरियन संगीताची मैफल ठरवली, की तिच्यात जुन्या काळचे फ्रान्झ लिस्ट असतात, झोल्तान कोडाय असतात, कधी नव्या काळचे ग्यॉर्गी लिगेती असतात. पण ज्यांच्याशिवाय अशी मैफल पुरी झाल्यासारखी वाटत नाही, ते नाव म्हणजे बेला बार्टोक. त्यांची सर्वात अधिक वाजवली जाणारी मोठी रचना ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ ही हंगेरीत लिहिलेली नाही. ती न्यूयॉर्क राज्यातल्या एका डोंगराळ गावी, आजारपणात लिहिली गेली आणि पहिल्यांदा बोस्टनमध्ये वाजली.

बार्टोक ज्यू नव्हते. तरीही त्यांचे चरित्र आपल्या वर्गात वाचण्यासारखे आहे. आपल्या ज्यू शेजाऱ्यांवर, विद्यार्थ्यांवर आणि मित्रांवर अन्याय होऊ लागला तेव्हा ते गप्प बसले नाहीत. पुढे परदेशात त्यांच्यावर वाईट दिवस आले तेव्हा बुडापेस्टच्या ज्यू घरांत जन्मलेल्या दोन मित्रांनी त्यांना हात दिला, आणि तोही असा की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

बालपण

बार्टोक यांचा जन्म २५ मार्च १८८१ रोजी नॉजसेंटमिक्लोश या गावी झाला. तेव्हा ते गाव हंगेरीच्या राज्यात होते, आज रोमेनियात आहे. वडील तिथल्या शेतकी शाळेचे प्रमुख होते. देवीची लस टोचल्यानंतर बाळाच्या अंगावर पुरळ उठले आणि ते पाच वर्षांचा होईपर्यंत हटले नाही. त्यामुळे हा मुलगा इतर मुलांत फारसा मिसळला नाही. घरात एकटा बसून आईचे पियानोवादन ऐकणे हाच त्याचा खेळ झाला. पाचव्या वर्षी आईने त्याला पियानो शिकवायला सुरुवात केली.

बेला सात वर्षांचा असताना वडील वारले. आई पाउला यांनी शिक्षिकेची नोकरी धरली आणि बेला व धाकटी एल्झा या दोघांना घेऊन जिथे काम मिळेल त्या गावी बिऱ्हाड हलवले. १८९२ साली, अकराव्या वर्षी, बेलाने लोकांसमोर पहिल्यांदा पियानो वाजवला. १८९९ मध्ये तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाला. पियानोचे गुरू इश्तवान तोमान हे लिस्ट यांचे शिष्य. १९०७ साली बार्टोक याच अकादमीत पियानोचे प्राध्यापक झाले.

मोलकरणीचे गाणे

१९०४ च्या उन्हाळ्यात बार्टोक एका खेड्यात राहायला गेले होते. शेजारच्या खोलीत लिदी दोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियातली तरुण मोलकरीण काम करता करता गाणे म्हणत होती. शहरातल्या हॉटेलांत हंगेरियन म्हणून जे संगीत वाजत असे त्यापेक्षा ही चाल अगदी निराळी होती. बार्टोक यांनी तिच्याकडून गाणी ऐकून लिहून घेतली. पुढच्या वर्षी त्यांची कोडाय यांच्याशी गाठ पडली. कोडाय यांनाही हाच नाद होता. १९०६ मध्ये दोघांनी मिळून हंगेरियन लोकगीतांचे पहिले पुस्तक काढले.

त्यानंतर कितीतरी वर्षे बार्टोक सुट्टी मिळाली की खेड्यांकडे निघत. सोबत एडिसनचा फोनोग्राफ असे. त्यावर मेणाची नळकांडी बसवायची, समोर कर्णा धरायचा आणि त्यात कुणा म्हाताऱ्या बाईला गायला सांगायचे. बाया आधी लाजत, मग गात. घरी आल्यावर बार्टोक ते नळकांडे पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक स्वर कागदावर उतरवत. हंगेरियन, स्लोव्हाक, रोमेनियन अशी हजारो गाणी त्यांनी जमवली. १९१३ साली ते अल्जीरियात बिस्क्रा इथे अरबी गाणी ऐकायला गेले. १९३६ साली तुर्कस्तानात गेले.

महाराष्ट्रात हे काम समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. पहाटे जात्यावर बसून आपल्या पणज्या ओव्या म्हणत. त्या कुणी छापल्या नव्हत्या; एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जात होत्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही जाऊ लागल्या. पुढे गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. आपल्या बेने इस्राएल बायकांच्या गाण्यांच्या वह्यांचेही तसेच आहे. एलियाहू हनाबीची, मोशेची, लग्नातली गाणी वहीत लिहिलेली सापडतात; पण वहीत शब्द असतात. चाल गळ्यात असते, आणि गाणारी गेली की चालही जाते. बार्टोक यांना हे लवकर कळले होते, म्हणून ते घाई करत होते.

जमवता जमवता त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गाणी सीमा मानत नाहीत. हंगेरियन चाल स्लोव्हाक गावात शिरते, तिथे रूप बदलते आणि नवी होऊन परत येते. शेजारपाजारच्या लोकांची अशी देवघेव झाली म्हणूनच त्या भागातली गाणी इतकी समृद्ध झाली, असे त्यांचे मत बनले. रोमेनियन गाण्यांचा अभ्यास केला म्हणून हंगेरीतल्या काही लोकांनी त्यांना देशाशी बेइमान ठरवले. त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुढे १९४२ साली अमेरिकेत असताना त्यांनी संगीतातल्या वंशशुद्धीच्या कल्पनेवर एक लेख लिहिला आणि शुद्ध वंशाची भाषा संगीताला लागू पडत नाही हे पुराव्याने दाखवले. लेखाचा विषय लोकगीते हा होता, पण त्या वर्षी वंशशुद्धीच्या नावाखाली युरोपात काय चालले होते हे वाचणाऱ्यांना ठाऊक होते.

प्रश्नपत्रक

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३७ साली बार्टोक यांनी आपले संगीत जर्मनी आणि इटलीच्या रेडिओवर वाजवायला मनाई केली. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळले. बार्टोक यांची पुस्तके व्हिएन्नात छापली जात आणि त्यांचे हक्कही तिथलीच एक संस्था सांभाळत असे. या संस्थेकडून त्यांना आणि कोडाय यांना एक प्रश्नपत्रक आले. तुमचे आईवडील, आजीआजोबा कोणत्या वंशाचे, असा त्यात प्रश्न होता. बार्टोक यांचे घराणे ख्रिस्ती होते. खरे उत्तर लिहून पाठवले असते तर त्यांना काही तोटा नव्हता. पण ज्या कागदावर ज्यू संगीतकाराला आपले नाव कापले जाण्यासाठी लिहायचे होते, त्या कागदावर आपलेही उत्तर जाऊ नये असे त्यांनी आणि कोडाय यांनी ठरवले. दोघांनी तो भरला नाही. बार्टोक यांनी व्हिएन्नाचा प्रकाशक सोडून लंडनचा धरला.

त्याच वर्षी, मे १९३८ मध्ये, हंगेरीच्या संसदेने ज्यूंच्या विरोधातला पहिला कायदा केला. नोकऱ्यांत आणि व्यवसायांत ज्यूंची संख्या किती असावी यावर त्याने बंधन घातले. हंगेरीतल्या ज्या ख्रिस्ती लेखक-कलावंतांनी याविरुद्ध जाहीर निवेदन काढले, त्यांत बार्टोक आणि कोडाय यांच्या सह्या होत्या. सही करून कायदा थांबला नाही. सही करणाऱ्याच्या नावावर मात्र खूण झाली.

बार्टोक यांच्या मनात देश सोडायचा होता, पण म्हातारी आई होती. तिला सोडून ते जाणार नव्हते. डिसेंबर १९३९ मध्ये आई गेली. १९४० च्या वसंत ऋतूत ते कार्यक्रमांसाठी अमेरिकेत आले, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जुने मित्र योझेफ सिगेती यांच्या व्हायोलिनबरोबर त्यांनी पियानो वाजवला, आणि परत जाऊन आवराआवर सुरू केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी मृत्युपत्र केले. बुडापेस्टमधल्या दोन मोठ्या चौकांना तेव्हा हिटलर आणि मुसोलिनी यांची नावे दिलेली होती. जोवर या दोघांच्या नावाचा एकही रस्ता किंवा चौक हंगेरीत आहे, तोवर माझे नाव देशातल्या कुठल्याही रस्त्याला, चौकाला वा इमारतीला देऊ नये, अशी अट त्यांनी मृत्युपत्रात घातली. ८ ऑक्टोबर १९४० रोजी बुडापेस्टमध्ये निरोपाची मैफल झाली. त्यानंतर काही दिवसांत बार्टोक आणि त्यांची पत्नी दित्ता निघाले. महिनाअखेर ते न्यूयॉर्कला पोचले. सामान मागेच अडकले होते. वय ५९.

न्यूयॉर्क

परदेशी येऊन नव्याने उभे राहणे काय असते हे आपल्या घरांतल्या मोठ्यांना कुणी सांगायला नको. बार्टोक यांचे नाव जाणकारांना ठाऊक होते, पण नावाने भाडे भागत नाही. मैफली थोड्याच मिळाल्या. त्यांचे संगीत लोकांना अवघड वाटे. संगीतरचना शिकवायला ते तयार नव्हते. रचना शिकवायची गोष्ट नाही असे त्यांचे आयुष्यभराचे मत होते, आणि पैशांसाठी मत बदलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली आणि १९४१ पासून एक काम दिले. हार्वर्डचे मिलमन पॅरी यांनी युगोस्लाव्हियात गाण्यांची ध्वनिमुद्रणे केली होती. त्यांतली स्त्रियांची गाणी बार्टोक यांनी स्वरलिपीत उतरवायची होती. हे काम त्यांच्या मनाजोगते होते. परक्या शहरात खोलीत बसून कानाला यंत्र लावून ते पुन्हा खेड्यातल्या बायांचा आवाज ऐकू लागले. त्यातली ७५ गाणी पुढे १९५१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ते पुस्तक पाहायला ते राहिले नाहीत.

विद्यापीठाचे काम कायमचे नव्हते. १९४२ मध्ये धाकटा मुलगा पेटर अमेरिकेत पोचला, एवढाच आनंद. पहिल्या पत्नीपासूनचा थोरला मुलगा हंगेरीतच होता. त्याच वर्षी ताप येऊ लागला, अंग दुखू लागले, वजन घटू लागले. जानेवारी १९४३ मध्ये बार्टोक आणि दित्ता यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर दोन पियानोंची रचना वाजवली. कंडक्टर होते फ्रिट्झ रायनर. लोकांसमोर पियानो वाजवण्याची बार्टोक यांची ती शेवटची वेळ. लगेच पुढे हार्वर्डमध्ये व्याख्याने सुरू झाली आणि थोड्याच व्याख्यानांनंतर प्रकृतीमुळे थांबली. वजन ८७ पौंड, म्हणजे चाळीस किलोच्याही खाली आले. संगीतकारांच्या हक्कांची अमेरिकन संस्था अ‍ॅस्कॅप हिने उपचारांचा खर्च उचलला, जरी बार्टोक तिचे सभासद नव्हते. रोग काय आहे हे डॉक्टरांना लवकर सापडले नाही. तो रक्ताचा कर्करोग होता.

अमेरिकेत आल्यापासून त्यांनी एकही नवी मोठी रचना लिहिली नव्हती. आता आपण लिहिणार नाही असेच ते धरून चालले होते.

दोन मित्र

योझेफ सिगेती आणि फ्रिट्झ रायनर हे दोघे बुडापेस्टचे, ज्यू घरांत जन्मलेले आणि त्याच संगीत अकादमीत शिकलेले. सिगेती जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक झाले. रायनर पूर्वी बार्टोक यांचे विद्यार्थी होते. आता पिट्सबर्गच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. बार्टोक यांच्या घरात पैशांची ओढ आहे हे दोघांना दिसत होते. हातावर पैसे ठेवले तर ते घेणार नाहीत, हेही दिसत होते.

त्यांनी बोस्टन सिम्फनीचे संचालक सर्ज कूसेवित्स्की यांना गाठले. कूसेवित्स्की हेही रशियातल्या एका ज्यू घरात जन्मलेले. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांची पत्नी नताली १९४२ मध्ये वारली होती आणि तिच्या नावाने त्यांनी एक निधी सुरू केला होता. संगीतकारांना नव्या रचना सांगायच्या आणि त्याचा मोबदला द्यायचा, असे त्या निधीचे काम. बार्टोक यांना अशी रचना सांगा, असे दोघांनी सुचवले.

१९४३ च्या वसंत ऋतूत कूसेवित्स्की स्वतः न्यूयॉर्कच्या रुग्णालयात गेले. वाद्यवृंदासाठी एक रचना हवी आहे, मोबदला १००० डॉलर, अर्धे आत्ताच. बार्टोक यांनी आधी मान हलवली. पुरी करता येईल की नाही याची खात्री नसताना पैसे कसे घ्यावेत, ही त्यांची अडचण होती. कूसेवित्स्की यांनी सांगितले की निधीचा निर्णय झालेला आहे, रक्कम देऊन टाकलेली आहे, रचना केव्हा आणि कशी हा तुमचा प्रश्न. ही कल्पना मुळात कुणाची, हे त्यांनी सांगितले नाही.

रंबाम, म्हणजे रब्बी मोशे बेन मैमोन, यांनी त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत देणे ही सर्वात खालची. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतही नाहीत, ही फार वरची. पण तिच्याही वर एक पायरी आहे : माणसाला काम देणे किंवा व्यवसायात उभे करणे, म्हणजे त्याच्यावर मागायची पाळी येऊ नये. सिगेती आणि रायनर यांच्या मनात त्या वेळी रंबाम होते की नाही, ते आपण कशाला ठरवावे? पण त्यांनी केले ते याच पायरीवरचे होते.

सारानॅक लेक

जुलै १९४३ मध्ये बार्टोक दाम्पत्य न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला डोंगरातल्या सारानॅक लेक या गावी हवापालटासाठी गेले. १५ ऑगस्टला बार्टोक लिहायला बसले आणि ८ ऑक्टोबरला रचना पुरी केली. ज्याला उठून बसायचे बळ नव्हते त्याने आठ आठवड्यांत पाच भागांचे, पाऊण तासाच्या जवळ जाणारे काम हातावेगळे केले.

कॉन्चेर्टोत एरवी एक वादक पुढे असतो आणि बाकीचे साथ करतात. इथे साऱ्या वाद्यवृंदालाच तो मान आहे. दुसऱ्या भागात सुषिर वाद्ये जोडीजोडीने पुढे येतात : आधी बसून, मग ओबो, मग क्लॅरिनेट, मग बासरी, शेवटी आवाज दाबलेले ट्रंपेट. तिसरा भाग शोकाचा आहे. चौथ्यात हंगेरीच्या सौंदर्याचे वर्णन करणाऱ्या एका जुन्या लोकप्रिय गाण्याची चाल व्हायोला गातात. तेवढ्यात एक उथळ, थट्टेखोर चाल मध्येच घुसते, आणि ती गेल्यावर पहिली चाल पुन्हा हळूच येते. पाचवा भाग खेड्यातल्या नाचासारखा धावतो. जमवलेल्या लोकगीतांतले एकही गाणे त्यांनी यात जसेच्या तसे घेतले नाही. पण बायांसमोर कर्णा धरून जे ऐकले, ते त्यांच्या हातात मुरलेले होते.

पहिला प्रयोग १ डिसेंबर १९४४ रोजी बोस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये कूसेवित्स्की यांच्या हाताखाली झाला. बार्टोक आजारी असूनही हजर होते. श्रोत्यांनी रचना उचलून धरली. त्याच वर्षी मे ते जुलै या काळात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंडून नेले होते, बहुतेकांना आउशविट्झला. सिगेती आणि रायनर यांचे स्वतःचे गाव त्या वर्षी अशा हातांत होते.

शेवटचे दिवस

त्या कामाने बार्टोक पुन्हा लिहिते झाले. तरुण ज्यू व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासाठी त्यांनी एकट्या व्हायोलिनची सोनाटा लिहिली. मेन्युहिन यांनी ती नोव्हेंबर १९४४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये वाजवली. मग ते तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोकडे वळले. ही दित्ता यांच्या वाढदिवसाची भेट होती. आपल्यामागे तिला वाजवायला काही असावे, तिला चार पैसे मिळावेत, हा हेतू. शेवटच्या १७ मात्राखंडांची वाद्यरचना राहिली असताना त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. २६ सप्टेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. युद्ध संपले होते, पण घरी जायचे राहून गेले. दफनाला दहाच माणसे होती. राहिलेले १७ मात्राखंड मित्र तिबोर शेर्ली यांनी पुरे केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फियात यूजीन ऑर्मंडी यांनी ती रचना सादर केली. ऑर्मंडीही बुडापेस्टच्या ज्यू घरातले.

रायनर पुढे शिकागो सिम्फनीचे प्रमुख झाले. १९५५ मध्ये त्यांनी ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’चे जे ध्वनिमुद्रण केले, ते आजही लोक आवर्जून ऐकतात. १९८८ साली बार्टोक यांच्या अस्थी बुडापेस्टला नेऊन सरकारी इतमामाने पुन्हा पुरण्यात आल्या. हिटलर आणि मुसोलिनी यांची नावे त्या चौकांवरून केव्हाच उतरली होती.

वर्गात बोलण्यासाठी

रुग्णालयात मोबदल्याचे अर्धे पैसे घेताना बार्टोक का कचरले असतील? आपल्या घरातल्या कुणाला परदेशी आल्यावर कुणी काम मिळवून दिले होते का, ते विचारून या. आजीला किंवा मावशीला एक मराठी गाणे म्हणायला सांगा आणि फोनवर टिपून घ्या. शब्दांबरोबर चालही आणा. पुढच्या तासाला ती सगळ्यांनी मिळून ऐकू.